लाल मागे पडतोय: ६३८ घ्यावा की ६६०? पांढरा जमवायचा कसा?

धूरवाला (धागाकर्ता)

मंडळी, आरजीबी लेसर प्रोजेक्टर जुळवला आहे. हिरवा ५२० नॅनोमीटरचा, १ वॅट. निळा ४५० चा, दीड वॅट. लाल मात्र एका जुन्या मॉड्यूलमधला ६६० चा, ५०० मिलिवॅट. गॅल्व्हो (किरण फिरवणारे आरसे), ड्रायव्हर (डायोडला करंट पुरवणारं सर्किट), डायक्रो (एक रंग परतवून दुसरा पार जाऊ देणारे आरसे) सगळं ठीक बसलंय, तिन्ही किरण एकावर एक येतात. तक्रार रंगाची आहे. सॉफ्टवेअरमध्ये पांढरा दिला की भिंतीवर हिरवट-निळसर उमटतं. पिवळा मागितला की पोपटी. नारिंगी मागितला तरी पोपटीच, जरा मळका. जांभळा येतो, पण गुलाबीकडे सरकायला तयार नाही.

लाल वाढवायचा आहे. समोर दोन पर्याय आहेत. एक, ६६० चं दीड वॅटचं तयार मॉड्यूल. दोन, ६३८ चे ७०० मिलिवॅटचे दोन डायोड घेऊन पोलरायझिंग क्यूबने (कंपनाची दिशा वेगळी असलेले दोन किरण एकत्र आणणारा काचेचा घन) एकत्र करायचे. दुसऱ्यात आकडा १.४ वॅटच येतो, वर जुळवाजुळवीची कटकट. मग सरळ दीड वॅटचं उचलावं, की यात काही मेख आहे?

आणि एक. चित्र हळूहळू फिकं करत नेलं की शेवटी सगळं हिरवं होतं. हे याच दुखण्यातलं की वेगळं?

गॅल्व्होमास्तर

मेख आहे आणि ती वॅटमध्येच आहे. डायोडवर लिहिलेला वॅट डोळ्याला कळत नाही. डोळा सगळ्यात तिखट ५५५ नॅनोमीटरला असतो, तिथून दोन्ही बाजूंना घसरगुंडी. ५५५ ला १ धरलं तर ५२० ला ०.७१, ६३८ ला साधारण ०.१९, ६५० ला ०.१०७ आणि ६६० ला ०.०६१. निळ्या टोकाला ४५० वर ०.०३८. हा तक्ता १९२४ पासून प्रमाण मानला जातो, दिवे आणि पडदेवाले सगळे तोच वापरतात.

म्हणजे ६३८ वरून ६६० वर गेलात, अवघे २२ नॅनोमीटर, की उजेड तिसऱ्या हिश्श्यावर येतो. उंच उतारावर उभे आहात तुम्ही, प्रत्येक नॅनोमीटर महागात पडतो.

तुमच्या प्रोजेक्टरचा हिशेब मांडतो. एक वॅटला ६८३ ल्युमेन गुणिले वरचा आकडा. हिरवा १ वॅट म्हणजे ४८५ ल्युमेन. लाल अर्धा वॅट म्हणजे जेमतेम २१. निळा दीड वॅट, ३९. ४८५ च्या शेजारी २१ उभे केले तर पोपटीशिवाय दुसरं काय निघणार?

आता पांढरा. दिवसाच्या उजेडासारखा, म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा हवा असेल तर ६६० / ५२० / ४५० या त्रिकुटात लाल हा हिरव्याच्या चौपटीहून थोडा जास्त लागतो, वॅटमध्ये. ६५० चा असेल तर सुमारे २.४ पट. ६३८ चा असेल तर १.४५ पट पुरतो. निळा तिन्ही वेळा हिरव्याच्या ५५-६० टक्के.

हे तुमच्या पर्यायांना लावून बघा. आत्ताच्या अर्ध्या वॅट ६६० वर पांढऱ्यासाठी हिरवा फक्त १२० मिलिवॅट वापरता येतो. एक वॅटमधले १२० मिलिवॅट! बाकीचा नुसता बसून आहे. एकूण पांढरा उजेड ८० ल्युमेनच्या घरात. दीड वॅटचं ६६० घेतलं तर हिरवा ३६० मिलिवॅटपर्यंत जातो, पांढरा २४० च्या आसपास. आणि ६३८ चे दोन डायोड, क्यूब आणि लेन्समधली गळती धरून हातात सव्वा वॅट उरला असं समजा, तर हिरवा ८६० मिलिवॅट चालतो आणि पांढरा ५९० ल्युमेन. आकड्याने कमी असलेला लाल दीड वॅटवाल्याच्या जवळजवळ अडीच पट पांढरा देतोय.

म्हणून माझं मत सरळ आहे: लाल घेताना आधी तरंगलांबी बघा, मग वॅट. आणि प्रोजेक्टर लालावरून बांधत जा. किती लाल मिळतोय ते ठरलं की हिरवा-निळा त्याला बेतून घ्यायचे. बरेचजण उलटं करतात, कारण हिरव्या-निळ्याचे मोठे आकडे सहज मिळतात आणि यादीत "एकूण ३ वॅट" लिहायला बरं दिसतं.

कंदील

मास्तरांच्या गणिताशी भांडण नाही. पण ६३८ हा लाल आहे का हो? मला तो शेंदरी वाटतो. ६६० चा गडद, रक्तासारखा लाल ज्याने धुरात पाहिलाय त्याला ६३८ पचत नाही. पूर्वीच्या क्रिप्टॉन लेसर ट्यूबचा ६४७ आठवा. नुसत्या ल्युमेनच्या मागे लागून रंग घालवायचा का?

गॅल्व्होमास्तर

कंदीलराव, या "गडद"पणातला बराचसा भाग अंधाराचा आहे. रंगाच्या नकाशावर ६३८ चा बिंदू साधारण ०.७१७, ०.२८३ वर येतो आणि ६६० चा ०.७३०, ०.२७० वर. दोन्ही अगदी कडेला, एकमेकांना खेटून. ६६० च्या पुढे तर बिंदू जवळपास हलतच नाही, नुसता काळोख वाढतो. ६७१ चे जुने क्रिस्टलवाले लाल म्हणूनच मागे पडले.

स्वतः बघायचं असेल तर ६३८ च्या वाटेत करडा फिल्टर धरा, उजेड ६६० च्या बरोबरीला आणा आणि दोन ठिपके शेजारी टाका. फरक दिसतो, नाही असं नाही. पण तो शेंदरी आणि रक्ताइतका उरत नाही. तुमचा शेंदरी ६३८ मंद केला की बराचसा तुमच्या लालात जातो. उलट दिशेने मात्र काही करता येत नाही, ६६० ला कितीही ढोसा, तो ६३८ इतका उजळ होत नाही.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच मांडतो. शुद्ध, गडद रंग डोळ्याला तक्त्याने सांगितल्यापेक्षा जरा जास्त उजळ भासतात, याला हेल्महोल्ट्झ-कोलराउश परिणाम म्हणतात. म्हणून एकटा लाल किरण धुरात २१ ल्युमेनचा वाटत नाही, बरा वाटतो. पण हा फायदा ६३८ लाही तेवढाच मिळतो, आणि पांढऱ्यात मिसळला की दोघांचाही जातो.

कंदील

मुद्दा मान्य. तरी माझं मत मी राखून ठेवतो. फक्त लाल किरणांचा, बाकी रंग नसलेला सीन असेल तर ६६० ची मजा वेगळीच. दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.

सर्किटकाका

गणित झालं, आता तापमानाकडे वळू, कारण लालाचं खरं रडगाणं तिथे आहे.

निळे-हिरवे डायोड गॅलियम नायट्राइडचे. ते उष्णता बऱ्यापैकी सोसतात. लाल डायोड ॲल्युमिनियम-गॅलियम-इंडियम-फॉस्फाइडचा, आणि त्यात तरंगलांबी जितकी आखूड तितके आतले इलेक्ट्रॉन थोपवून धरणं अवघड. डायोड तापला की ते निसटतात, थ्रेशोल्ड (लेसर सुरू व्हायला लागणारा किमान करंट) वर सरकतो, तेवढ्याच करंटला उजेड कमी पडतो. म्हणजे ज्या ६३८ ची मास्तरांनी तारीफ केली, तो ६६० पेक्षा जास्त नाजूक आहे. हे माहीत असूनही मी ६३८ च घेईन, पण थंडाव्याची सोय करून.

त्यात दुसरा फटका असा की लाल डायोडची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला साधारण ०.२ नॅनोमीटरने लांबते. डबा २० अंशांनी तापला तर ६३८ चा ६४२ झाला. तेवढ्यानेच डोळ्याला लाल १५ टक्क्यांच्या आसपास कमी दिसतो, आणि पॉवर पडली ती वेगळीच. कार्यक्रमाच्या सुरुवातीला पांढरा शुभ्र आणि तासाभराने हिरवट, ही तक्रार घेऊन येणाऱ्याचा लाल हात लावून बघावा, हीटसिंक चटका देत असतो.

उपाय: लाल डायोडचा ठोकळा वेगळा, तांब्याचा किंवा जाड ॲल्युमिनियमचा, त्याखाली पेल्टिए (विजेवर थंड करणारी चकती), त्याखाली मोठा हीटसिंक आणि पंखा. तापमान स्थिर ठेवायचं, बर्फ करायचा नाही. २० अंशांच्या आसपास पुष्कळ झालं. हवा दमट असेल आणि ठोकळा दवबिंदूच्या खाली गेला तर डायोडच्या काचेवर आणि लेन्सवर पाणी धरतं. डबा बंद ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका.

आणि धूरवाल्या, हे नीट वाच: करंट थंड डायोडवरच ठरव. गरम डायोडवर पॉवर कमी दिसते म्हणून करंट वाढवलास, नंतर पेल्टिए लावलास, की तोच करंट थंड डायोडमधून कितीतरी जास्त उजेड काढतो. लाल डायोडचं पुढचं तोंड ठराविक उजेडाच्या वर जळतं. एका क्षणात. वास नाही, आवाज नाही. नंतर तो नुसता लाल एलईडीसारखा मिणमिणतो. गेला तो गेला.

धूरवाला

काका, मास्तर, मनापासून धन्यवाद. ६३८ चे दोन डायोड मागवतोय. आता जोडणीचं विचारतो. ड्रायव्हरचा करंट डायोड लावायच्या आधी कसा ठरवायचा? आणि दोन डायोड क्यूबवर ९० अंशांत यायला हवेत ना, मग एक डायोड आडवा फिरवून बसवला तर काम होईल का?

सर्किटकाका

डमी लोड बनव. चार साधे १एन४००१ डायोड एकामागे एक आणि त्यांच्या शेवटी १ ओहमचा जाड, ५ वॅटचा रोध. ड्रायव्हर त्यावर चालव आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून रोधाच्या दोन टोकांना लाव. जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर, गणित नको. गेनचा प्रीसेट (पूर्ण सिग्नलला किती करंट जाईल ते ठरवणारा स्क्रू) किमानवर नेऊन सुरू कर, ५ व्होल्ट इनपुट दे आणि हळूहळू वर ये. ७०० मिलिवॅटवाल्या लालाला साधारण एक अँपिअर लागतो, नेमका आकडा त्याच्या डेटाशीटमधून घे, आणि त्याच्या थोडा खालीच थांब. शेवटच्या पाच टक्के उजेडापायी डायोडचं आयुष्य घालवू नये.

मग वीज बंद. ड्रायव्हरच्या आउटपुटवरचा कपॅसिटर भरलेला असतो, त्याची दोन टोकं क्षणभर जोडून रिकामा कर, त्यानंतरच खरा डायोड लाव. ही पायरी गाळल्याने जेवढे डायोड मरतात तेवढे दुसऱ्या कशानेही नसतील. मनगटाला अर्थिंगचा पट्टा असू दे.

गॅल्व्होमास्तर

क्यूबचं मी सांगतो. डायोड फिरवू नका. हे जास्त पॉवरचे लाल मल्टिमोड असतात, त्यांचा ठिपका गोल नसून पट्टी असते. एक डायोड आडवा केला की भिंतीवर एक पट्टी उभी, एक आडवी, अधिकचं चिन्ह तयार. दोन्ही डायोड सारखेच बसवा आणि एकाच्या वाटेत हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, वळवणारी चकती) घाला, ती ४५ अंशांत फिरवली की पोलरायझेशन ९० अंशांनी वळतं आणि पट्टी आहे तशी राहते. ६३८ चे बरेचसे डायोड टीएम असतात, म्हणजे पोलरायझेशन नेहमीच्या डायोडांच्या आडव्या दिशेत. क्यूबची कुठली बाजू कुणाला द्यायची ते चित्र बघून ठरवू नका, मंद किरण टाकून बघा कुठून पार होतो.

रात्रपाळी

मी बांधणारा नाही, चालवणारा आहे. तुमच्या सगळ्या गणितात एक गोष्ट राहिली: अंतर.

टेबलावर, दोन मीटरवर पांढरा कितीही सुंदर जुळवा. तोच प्रोजेक्टर मोठ्या हॉलमध्ये लावला की मागच्या भिंतीवर लाल फाटलेला असतो. मास्तर म्हणाले तशी लालाची पट्टी असते, ती अंतराबरोबर पसरत जाते. हिरवा रेघेसारखा बारीक आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाल झालर. मध्ये रंग हिरवट, कडेला लाल. पॉवर सगळी आहे, पण एका जागी नाही. धुरात तर आणखी जाणवतं, कारण जाड किरण पातळ दिसतो.

त्यामुळे लालाला दंडगोल लेन्सची जोडी हवीच, एक आत वळलेली, एक बाहेर. पट्टीच्या ज्या दिशेत पसरण जास्त आहे त्या दिशेत किरण तिप्पट रुंद केला की पसरण एक तृतीयांशावर येते. फक्त गॅल्व्होच्या आरशात मावेल एवढंच रुंद करा, नाहीतर कडा कापल्या जातात आणि कमावलेला लाल डब्यातच राहतो.

आणि जुळवणी शक्य तेवढ्या लांबच्या भिंतीवर करा.

धूरवाला

हे भारी आहे, झालर मलाही दिसते पण मी ती डायक्रोची चूक समजत होतो. रात्रपाळी, जुळवणीचा क्रम कसा ठेवता? मी आधी पांढरा लावतो आणि मग तिन्ही स्लायडर हलवत बसतो, कुठेच पोचत नाही.

रात्रपाळी

पांढऱ्यापासून सुरुवात करू नका. तीन रंग एकदम हलतात आणि डोळा पाच मिनिटांत समोरच्या पांढऱ्याला सरावतो, मग काहीही पांढरं वाटतं.

आधी पिवळा. निळा बंद. लाल पूर्ण, हिरवा शून्यावरून वर आणत या. लाल, शेंदरी, नारिंगी, हळदी, पिवळा, आणि मग एका जागी पोपटी झाक येते. झाक आली की थोडं मागे. तिथे हिरव्याची कमाल पातळी कायम करा, सॉफ्टवेअरमध्ये किंवा ड्रायव्हरच्या गेनवर. आता निळा. तो उजेडात भर घालत नाही, रंग मात्र झपाट्याने फिरवतो, म्हणून अगदी थोडा थोडा. पिवळसर पांढरा, पांढरा, मग निळसर. सरावलेल्या डोळ्याला धुवायला मध्येच साधा पांढरा दिवा लावून मॅट कागदाकडे बघा, त्याच्याशी ताडा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवू नका. तो आपल्या मनाने पांढरा ठरवतो, आणि लाल जरा जोरात आला की त्याला नारिंगी किंवा गुलाबी करून टाकतो.

गॅल्व्होमास्तर

पिवळ्यापासून सुरुवात याला +१, आणि त्याला आकड्याचं कारण आहे. ६३८ / ५२० वर पांढऱ्याला लाल हिरव्याच्या १.४५ पट पुरतो, पण संगणकाच्या पडद्यावर दिसतो तसा पिवळा हवा तर १.६ पट लागतो, आणि नारिंगीला जवळपास पावणेतीन पट. म्हणजे पांढरा जमला म्हणून उष्ण रंग जमले असं नाही. लाल कमी पडतोय हे आधी नारिंगी सांगतो. तुमच्या तक्रारीत नारिंगीच हरवला होता, बघा.

नवा_किरण

छान धागा, वाचनखूण साठवली. भाबडा प्रश्न: ६६० डोळ्याला इतका कमी दिसतो, तर तो डोळ्याला कमी धोक्याचाही असणार ना? म्हणजे प्रेक्षकांवर फिरवायला ६६० बरा?

सर्किटकाका

नाही! हा गैरसमज इथेच गाडून टाकू. दिसणं आणि भाजणं यांचा संबंध नाही. डोळ्याची लेन्स ६३८ आणि ६६० दोन्ही किरण सारखेच आतल्या पडद्यावर एका ठिपक्यात आणते. पापणी मिटायला लागणारा पाव सेकंद धरला तर दृश्य पट्ट्यातल्या सगळ्या रंगांना मर्यादा एकच, चौरस मीटरला साधारण २५ वॅट. पूर्ण उघडलेल्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीतून तो एक मिलिवॅट होतो. अर्ध्या वॅटच्या वरचा कुठलाही किरण वर्ग ४ मध्ये, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गात जातो, त्यात तर भिंतीवरचं प्रतिबिंबही जवळून बघू नये. उलट मंद दिसतो म्हणून ६६० जास्त दगाबाज, माणूस त्याच्याकडे निवांत बघत राहतो आणि जुळवणारा दिसेना म्हणून करंट चढवतो. प्रेक्षकांवर किरण सोडणं हे मोजमाप, स्कॅन-फेल यंत्रणा (गॅल्व्हो थांबला की किरण बंद करणारी) आणि परवानगी असल्याशिवाय करायचं काम नाही.

जुळवणी करताना किरण मॅट पृष्ठभागावर, पॉवर कमीत कमी, चमकदार वस्तू दूर. तीन रंगांना अडवणारा चष्मा लावून रंग जुळवता येत नाही हे खरं, म्हणूनच जोडणी आणि अलाइनमेंट चष्मा लावून, आणि रंगाचं काम डबा बंद झाल्यावर, गॅल्व्हो फिरत असताना, लांबच्या भिंतीवर. स्थिर किरणावर कधीच नाही.

कंदील

काकांना अनुमोदन. आता एक कल्पना: धूरवाल्याकडे ६६० चा अर्धा वॅट पडलेलाच आहे. तो ६३८ मध्ये मिसळला तर? पॉवर वाढेल, आणि थोडा गडदपणाही येईल.

गॅल्व्होमास्तर

येईल, पण किती? दोन ६३८ मिळून १६० ल्युमेन लाल आहे, त्यात २१ ची भर. आठवा हिस्सा. आणि क्यूबच्या दोन्ही बाजू ६३८ ने भरल्यावर ६६० ला आत यायला तिसरा दरवाजा लागतो, म्हणजे ६३८ आणि ६६० वेगळे करणारा तीव्र कडेचा डायक्रो. तो ४५ अंशांत दोन पोलरायझेशनना वेगवेगळी कड दाखवतो, आणि इथे तर ६३८ दोन्ही पोलरायझेशनमध्ये येतोय. थोडं ६३८ तिथेच गळेल. एवढा खटाटोप करून हिशेब शून्यावर यायचा. एकच ६३८ असता तर क्यूबच्या दुसऱ्या बाजूने ६६० फुकट घ्या म्हटलं असतं.

धूरवाला

अपडेट. नवे लाल बसले. ठोकळा २१ अंशांवर स्थिर आहे. हाफ-वेव्ह प्लेटने पट्ट्या एकावर एक आल्या, दंडगोल लेन्सनंतर मागच्या भिंतीवरची झालर जवळजवळ गेली. थर्मोपाइल मीटरवर लाल १.२२ वॅट. पिवळ्यापासून सुरुवात केली आणि पहिल्यांदाच नारिंगी नारिंगीसारखा दिसला! हिरव्याची कमाल ८० टक्क्यांवर येऊन थांबली, निळ्याची ३० च्या जवळ.

राहिलं फेडचं. आता सगळं हिरवं होत नाही, पण मधल्या पातळीवर पांढरा गुलाबी होतो आणि अगदी शेवटी पुन्हा हिरवा. हे काय?

सर्किटकाका

हे वेगळं दुखणं, पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतंस ते. लेसर डायोड थ्रेशोल्डच्या खाली लेसर नसतो. ५ व्होल्टच्या सिग्नलमधला पहिला अर्धा-एक व्होल्ट नुसता थ्रेशोल्ड गाठण्यात जातो, आणि प्रत्येक रंगाचा थ्रेशोल्ड वेगळा. जो आधी विझतो त्याचा विरुद्ध रंग उरतो. शेवटी हिरवा उरतो म्हणजे लाल आणि निळा आधी विझतायत.

बायसचा प्रीसेट (सिग्नल शून्य असतानाही डायोडला किती करंट मिळेल ते ठरवणारा) घे. इनपुट ० व्होल्ट, खोली अंधारी. लालाचा बायस वाढवत जा, भिंतीवर अस्पष्ट लालसर डाग दिसेपर्यंत, मग ठिपका टोकदार व्हायच्या आत थांब आणि चिमूटभर मागे ये. जास्त ठेवलास तर चित्रातल्या दोन आकृत्यांच्या मधल्या, अंधाऱ्या असायला हव्यात त्या उड्यांत लाल शेपट्या दिसतात. निळा-हिरवा तसेच. बायस बदलला की गेन पुन्हा तपास, दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. आणि हे सगळं लाल नेहमीच्या तापमानाला आल्यावर, कारण थ्रेशोल्ड तापमानाबरोबर सरकतो हे वर लिहिलंच आहे.

मग भिंतीवर दहा रेघांची शिडी काढ, दहा टक्क्यांपासून शंभरपर्यंत पांढऱ्या. मधल्या पायऱ्या गुलाबी दिसतात म्हणजे तिथे हिरव्याचा चढ लालापेक्षा मंद आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाची वक्ररेषा वेगळी देता येत असेल तर हिरव्याची मधली पातळी उचल. बायसने तळ जुळतो, गेनने माथा, मधला भाग वक्ररेषेशिवाय जुळत नाही.

रात्रपाळी

तळाच्या दहा टक्क्यांत फार जीव काढू नका. मंद उजेडात डोळाच बदलतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची ताकद ५०७ नॅनोमीटरकडे सरकते, पुर्किंजे परिणाम म्हणतात तो. तिथे लाल हिरव्यापेक्षा शेकडो पटींनी मागे पडतो. म्हणजे मीटरवर अगदी बरोबर असलेला फेडही शेवटच्या क्षणी थंड रंगाकडे झुकलेला दिसणारच. मी फेडच्या शेपटीत मुद्दाम लाल किंचित जास्त ठेवतो.

आणि दोन पॅलेट बनवून ठेवा. पडद्यावरच्या चित्रांसाठी वर ठरवला तो तोल. धुरातल्या किरणांसाठी वेगळा, कारण तिथे धुराचे कण आणि प्रेक्षक कुठे बसलाय यावर सगळं ठरतं. किरण अंगावर येतो त्या दिशेने उजळ दिसतो, पाठीमागून बघणाऱ्याला फिका. धूर अगदी विरळ आणि बारीक झाला की निळा जास्त उसळतो, तेव्हा निळा आणखी खाली आणावा लागतो. लाल मात्र दोन्ही पॅलेटमध्ये मी शंभरवरच ठेवतो.

धूरवाला

बायस केला. हिरवी शेपटी गेली, शिडीच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थोडी गुलाबी झाक आहे, तिथे वक्ररेषा द्यायची बाकी आहे. दुसरा पॅलेट धूर यंत्र आलं की बनवतो. रात्रपाळी, धुरासाठी निळा साधारण किती खाली आणता?

रात्रपाळी

आकडा सांगून उपयोग नाही, तुमचा धूर वेगळा. पांढऱ्या किरणांचा पंखा डोक्यांच्या वरून सोडा, हॉलच्या मधोमध उभे राहा आणि पंख्याच्या टोकाचा किरण बघा, मधला नाही. तो पांढरा दिसेपर्यंत निळा कमी करा.

नवा_किरण

पंख्याच्या टोकाचाच का? मधला जास्त स्पष्ट दिसतो ना?

रात्रपाळी

म्हणूनच. मधला सरळ तुमच्या दिशेने येतो, इतका उजळ की तिन्ही रंग डोळ्यात भरून जातात आणि तोल कळत नाही. टोकाचा बाजूने दिसतो, हॉलमधले बहुतेक प्रेक्षक बहुतेक किरण तसेच बघतात.